मदत हवी आहे: माल्टिपूच्या केसांत रोज जटा

आमची माल्टिपू कुत्री (आई माल्टीज, बाप टॉय पूडल) 10 महिन्यांची आहे, वजन साडेतीन किलो. महिनाभरापूर्वीपर्यंत आठवड्यातून दोनदा ब्रश फिरवला की भागायचं. आता पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतायत आणि रोज विंचरूनही कानामागे, काखेत, हार्नेसचा पट्टा घासतो तिथे जटा होतातच. वरून हात फिरवला तर सगळं मऊ. बोटं मुळाशी नेली की नमद्यासारखा थर लागतो. 'पूडलचा अंश, केस गळत नाहीत' म्हणून आम्ही खूश होतो. ते गळून आतच अडकतात, हे आता कळतंय!

स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा), मग स्टीलचा कंगवा, गुंता सोडवायचा स्प्रे, घरात हार्नेस काढून ठेवणं, सगळं चालू आहे. एकदा गुंता न सोडवताच अंघोळ घातली, जटा आणखी आवळल्या. कात्री लावत नाही; जट कातडीला इतकी खेटून असते की कातडीच कापली जायची. पिसवा नाहीत, खाज नाही, पशुवैद्यांनी त्वचा तपासली आहे.

ग्रूमर म्हणतात, सगळे केस बारीक उतरवा. पण मशीनचा आवाज आला की ती थरथर कापते, एका बैठकीत पूर्ण अंग होणं कठीण.

हा काळ ज्यांनी काढलाय त्यांना विचारतेय: फक्त जटांचे भाग मशीनने काढून बाकीची लांबी ठेवली तर निभतं का, की एकदाच सगळं उतरवणं तिला कमी त्रासाचं?