जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चालेल का?

प्रश्न: दारव्हा तालुक्यातील आमच्या घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत, मुक्त-स्रोत प्रणाली) बसवायचे आहे, त्यात ४ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि ३२ एमबी रॅम आहे. जमेल का?

उत्तर १: भाऊ, नव्या आवृत्त्यांना किमान ८ एमबी फ्लॅश व ६४ एमबी रॅम लागते, त्यामुळे यावर वेळ घालवू नका. दुसरा घेताना तळाच्या लेबलवरील हार्डवेअर आवृत्ती तपासा, कारण एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत चिपही वेगळी असू शकते.

उत्तर २: राउटर इन्व्हर्टरवर ठेवून, केबलनेच फर्मवेअर (राउटर चालवणारी प्रणाली) चढवा, मध्येच वीज गेल्याने माझा एक राउटर निपचित पडला होता आणि टीएफटीपीने (केबलवरून फाइल पाठवण्याची साधी पद्धत) तो उठवण्यात अख्खा रविवार गेला.

उत्तर ३: बसवल्यानंतर वायफाय बहुधा बंदच असते, म्हणून घाबरू नका, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ या राउटरच्या पत्त्यावर जाऊन आधी पासवर्ड ठेवा.