मदत हवी आहे: १८०३ मध्ये यशवंतराव होळकर युद्धापासून अलिप्त का राहिले?

इयत्ता अकरावीच्या मुलांसमोर 'घरातली भांडणं आणि परकीयांशी युद्ध' यावर बोलायचं आहे. उदाहरण दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचं घेतलंय.

क्रम नीट लागलाय. १८०१ मध्ये पुण्यात पेशव्यांनी यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना हत्तीच्या पायी दिलं, २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतरावांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. इथपर्यंत घरातल्या वैरानेच इंग्रजांना दार उघडलं, हे स्पष्ट दिसतं.

अडलंय ते पुढे. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे आणि नागपूरचे भोसले इंग्रजांशी लढले, होळकर आलेच नाहीत. मग १८०४ मध्ये एकटेच इंग्रजांशी भिडले. वाचलेल्या पुस्तकांत कुणी जुनं वैर म्हणतं, कुणी शिंद्यांवरचा अविश्वास. दोन्ही पटतं, पण आधाराला पत्र एकही सापडत नाही, आणि पुराव्याशिवाय मुलांना सांगणं मला चुकीचं वाटतं.

मोडी जमते, फारसी नाही. पुण्याला जुन्या कागदपत्रांच्या दप्तरात जाणं सध्या शक्य नाही, म्हणून छापील साधनच हवं. मे ते सप्टेंबर १८०३ मधला शिंदे, भोसले आणि होळकर यांचा आपसातला पत्रव्यवहार नेमका कुठल्या छापील खंडात मिळेल?