सासूबाईंची सांधेदुखी: मेथोट्रेक्सेट सुरू करावे की नाही, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझ्या सासूबाईंच्या सांधेदुखीसंदर्भात अनुभवी सदस्यांचे, आणि येथे कोणी वैद्यकीय क्षेत्रातील असल्यास त्यांचे, मार्गदर्शन हवे आहे. तज्ज्ञांचा सल्ला आम्ही घेतलेला आहे. मात्र त्यांनी लिहून दिलेले औषध सुरू करण्यावरून घरात एकमत होत नाही आणि त्यात दिवस वाया चालले आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सासूबाईंचे वय ६१ असून त्या तासगाव तालुक्यातील आमच्या गावी राहतात. रक्तदाबासाठी त्यांना टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी चालू आहे. गुडघेदुखी जुनी आहे. जिना उतरताना किंवा उकिडवे बसून उठताना कळ येते, विश्रांती घेतली की बरे वाटते, आणि एक्स-रेमध्ये सांध्यातील फट कमी झालेली दिसते. हे दुखणे वयाचे म्हणून त्यांनी केव्हाच स्वीकारले होते. गेल्या पावसाळ्यानंतर जे सुरू झाले, त्याची जात मात्र वेगळी आहे. दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाकडचे सांधे आणि मनगटे सुजतात. सकाळी मूठ वळत नाही, गरम पाण्यात हात धरून तास-दीड तास गेल्याशिवाय त्यांना भाकरीचे पीठ मळता येत नाही, आणि कुकरचे झाकण तर दुपारीही उघडत नाही. विश्रांतीने हे दुखणे कमी होण्याऐवजी वाढते. भूक मंदावली आहे आणि थकवा इतका, की एरवी कुणाला काम करू न देणाऱ्या सासूबाई आता स्वतःहून ‘तूच कर’ म्हणतात.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १०.२, ईएसआर ६४, सीआरपी वाढलेले (हे दोन्ही शरीरातील दाह दाखवतात), आरए फॅक्टर (आमवाताच्या निदानासाठीची तपासणी) पॉझिटिव्ह आणि युरिक अॅसिड सामान्य आले. मिरजेतील संधिवाततज्ज्ञांनी आमवातासाठीचीच अँटी-सीसीपी ही अधिक नेमकी तपासणीही करून घेतली. तीही पॉझिटिव्ह आहे. हा आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक अॅसिड असे लिहून दिले. अडचण येथून सुरू झाली. माझ्या नणंदबाईंनी खोक्यातील माहितीपत्रक वाचले, त्यात कर्करोगाचा उल्लेख होता, आणि ‘आईला किमोथेरपीची गोळी द्यायची नाही’ असे त्यांनी निक्षून सांगितले. त्यांची काळजी खोटी नाही, पण त्यांना पटेल असे उत्तर माझ्यापाशी नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. जवळच्या बाजाराच्या गावात एक गृहस्थ सांधेदुखीवर कागदी पुड्या देतात. पुडीवर नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत. ‘शुद्ध जडीबुटी आहे, अपाय नाही’ एवढेच तोंडी सांगतात. सासूबाई गेले काही महिने त्या घेत आहेत आणि सुरुवातीला दोनच दिवसांत त्यांना इतका आराम पडला, की आमचे सगळे बोलणे फोल ठरले. आता त्यांचा चेहरा गोल व सुजल्यासारखा दिसतो, हातावर थोडे लागले तरी काळेनिळे डाग पडतात, आणि उपाशीपोटी साखर प्रथमच १७८ आली. एकदा पुड्या संपल्या, तेव्हा दुखणे दुपटीने उसळले, शिवाय उलट्या आणि कमालीचा अशक्तपणा आला. पुड्यांविषयी तज्ज्ञांना आम्ही सांगितलेले नाही, कारण सासूबाईंनी बजावून ठेवले होते. त्याखेरीज दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळीही अधूनमधून चालूच असते.

तर गुडघे आणि हात यांचे दुखणे एकच समजावे की दोन? मेथोट्रेक्सेट किती सुरक्षित आहे? पुड्या तत्काळ बंद कराव्यात का? वांगी, दही, तूरडाळ बंद करण्याचे सल्ले भरपूर मिळाले आहेत. त्यावर आणखी मते नकोत, मात्र हात दुखत असताना व्यायाम करावा की नाही हे कोणी सांगू शकल्यास उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, मला स्वतःला आमवात आहे आणि मी हेच औषध बरीच वर्षे घेत आहे. एकच सांगते: आठवड्याचा वार ठरवा आणि तो औषधाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. माझा रविवार आहे. ही गोळी चुकून रोज घेतली गेल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून ती इतर गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नका. घेतल्यानंतर एखादा दिवस मळमळते. रात्री जेवणानंतर घेतल्यावर मला तो त्रास कमी झाला. आराम पडायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोपर्यंत घरातले ‘गुण येत नाही’ म्हणू लागतील, त्याची तयारी ठेवा.

प्रतिसाद २

मी औषधशास्त्र शिकवते, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे पुढील मजकूर उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

सर्वांत आधी पुड्यांविषयी. आपण केलेले वर्णन स्टेरॉइडची भेसळ असावी असा दाट संशय निर्माण करणारे आहे. पुड्या अचानक बंद करू नका आणि तशाच चालूही ठेवू नका. याच आठवड्यात उरलेल्या पुड्या घेऊन तज्ज्ञांकडे जा. बाहेरून स्टेरॉइड दीर्घकाळ मिळत राहिले, की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल (शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड) तयार करणे कमी करतात. अशा वेळी पुरवठा एकदम थांबल्यास रक्तदाब घसरणे, उलट्या, ग्लानी असे होते, आणि पुड्या संपल्यावर जे झाले ते बहुधा हेच असावे. डॉक्टर सामान्यतः मोजून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात आणि ते हळूहळू उतरवतात. सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणीही सांगू शकतात. मधल्या काळात ताप, उलट्या किंवा चक्कर आल्यास थांबू नका, रुग्णालयात न्या आणि तेथे पुड्यांचा उल्लेख आवर्जून करा.

आता मेथोट्रेक्सेट. नणंदबाईंनी वाचले ते खरे आहे, पण सर्व प्रश्न मात्रेचा आहे. काही कर्करोगांत हे औषध एका वेळी काही ग्रॅमपर्यंत देतात. आमवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. या मात्रेत त्याचे काम पेशी मारण्याचे नसून, सांध्याच्या अस्तरावर हल्ला करणारी प्रतिकारशक्ती शांत करण्याचे असते. अमेरिकेत १९८८ साली त्याला आमवातासाठी मान्यता मिळाली आणि आज जगभर उपचाराची सुरुवात बहुधा त्यानेच होते. (अमेरिकेतील ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत हे औषध मुळात तयार झाले, तिथल्या त्या वेळच्या संशोधनाचे प्रमुख भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, नणंदबाईंना हे सांगून उपयोग होईल की नाही, ठाऊक नाही.) वेदनाशामक फक्त दुखणे दाबते, हाडाची झीज रोखत नाही, आणि आमवातात पहिल्या एक-दोन वर्षांत झालेली झीज भरून येत नाही. म्हणून वाद लवकर मिटवा.

सुरू करण्यापूर्वी रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी), हिपॅटायटिस बी व सी आणि छातीचा एक्स-रे पाहतात. नंतर आरंभी दर काही आठवड्यांनी रक्त तपासतात. मूत्रपिंड मंदावले असेल तर हे औषध शरीरात साचते, आणि नेमके इथेच डायक्लोफिनॅक आड येते: रक्तदाबाच्या त्या जोडगोळीसोबत ते मूत्रपिंडावर तिहेरी भार टाकते. दुकानातून आणून घेणे बंद करा. लघवीच्या जंतुसंसर्गावर गावोगाव सर्रास दिले जाणारे ट्रायमेथोप्रिम-सल्फा हे औषधही मेथोट्रेक्सेटसोबत घातक ठरते. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी चालू औषधांची चिठ्ठी आधी दाखवा.

गुडघे आणि हात ही दोन दुखणी असण्याची शक्यता अधिक. गुडघ्यांचे वर्णन झिजेचे आहे. आमवात गुडघ्यांतही येतो, परंतु तेव्हा तेथे सूज व सकाळचा ताठरपणा दिसतो. केवळ आरए फॅक्टरवरून निदान करता येत नाही, कारण तो क्षयरोगात, हिपॅटायटिस सीमध्ये आणि काही निरोगी वृद्धांतही पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी मात्र बरीच खात्री देते. पावसाळ्यात ताप येऊन गेला होता का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण चिकनगुनियानंतरची सांधेदुखी महिनोन्‌महिने हुबेहूब अशीच राहू शकते. व्यायाम करावा, पण सूज तापलेली असताना जोर लावू नये. बोटे गरम पाण्यात सावकाश उघडमीट करावीत आणि गुडघ्यांसाठी खुर्चीत बसून पाय सरळ करून मांडीचे स्नायू आवळावेत.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघींचेही मनापासून आभार. आम्ही काल पुड्यांसह मिरजेला जाऊन आलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी प्रेडनिसोलोन सुरू करून ते कमी करण्याचे वेळापत्रक लिहून दिले आणि मेथोट्रेक्सेट उरलेल्या तपासण्या येईपर्यंत थांबवले आहे. ताप आला होता हेही सांगितले, त्याची वेगळी तपासणी होणार आहे. नणंदबाई सोबत आल्या होत्या आणि त्यांनी स्वतःच प्रश्न विचारले, त्यामुळे माझे काम हलके झाले. वार गुरुवार ठरला आहे, कारण सासूबाईंचा तो दत्ताचा वार असल्याने त्या विसरणार नाहीत.

एक शंका उरली आहे. डॉक्टरांनी मनगटासाठी आधाराचा पट्टा सुचवला, पण तो रात्री बांधावा की काम करताना, हे विचारायचे राहून गेले. ज्यांनी वापरला आहे त्यांनी कृपया लिहावे.