पार्किन्सन्स आणि एचएसपी-७०: आईला प्रोटीन पावडर द्यावी का?

सिडकोकर:
आईला पार्किन्सन्स आहे, त्यावरची लेव्होडोपाची गोळी चालू आहे. रोज रामकुंडावर जाणारी बाई आता भिंत धरून चालते. एचएसपी-७० नावाचं प्रथिन मेंदूच्या पेशी वाचवतं असं वाचलं. मेडिकलवाला पावडर सुचवतोय. तिने ते वाढेल का?

पंचवटीची बायोकेमवाली:
नाही हो दादा. खाल्लेलं प्रथिन आतड्यात तुटून त्याची अमिनो आम्लं होतात. एचएसपी-७० पेशी स्वतःच बनवते. १९६२ मध्ये रितोसा या शास्त्रज्ञांनी उष्णतेने फळमाशीची जनुकं जागी होताना पाहिली, तिथून ‘हीट शॉक प्रोटीन’, म्हणजेच एचएसपी, हे नाव. चुकीची घडी पडलेलं प्रथिन धरायचं, एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून पुन्हा घडी पडू द्यायची, नाहीच जमलं तर मोडीत पाठवायचं, हे त्याचं काम. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. २००२ मध्ये फळमाश्यांत एचएसपी-७० वाढवल्यावर डोपामिन (हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी वाचल्या. पण त्या माश्या होत्या.

आणि हे नीट वाचा: काही अमिनो आम्लं लेव्होडोपाच्याच वाटेने शोषली जातात. गोळीसोबत पावडर दिली तर गोळीचा असर घटू शकतो!

सिडकोकर:
मग वरण, दूधही बंद करू का ताई?

पंचवटीची बायोकेमवाली:
अजिबात नको, अंगातली ताकद जाईल. फक्त गोळी आणि जेवणात अंतर हवं. किती, ते न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

नाशिकरोडवासी:
एचएसपी वाढवणारं औषध आहे का?

पंचवटीची बायोकेमवाली:
अ‍ॅरिमोक्लोमॉल. एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या चाचणीत अपयशी ठरलं. २०२४ मध्ये अमेरिकेत निमन-पिक सी या दुर्मीळ आजारासाठी मंजूर झालं. पार्किन्सन्ससाठी नाही.