"बलात्कार करणं पुरुषाच्या जीन्समध्येच असतंय" हे खरं आहे काय?

रंकाळा_कट्टा:
काल रंकाळ्यावर भेळ खाताना रूममेटनं रील दाखवला. त्यात एकजण छातीठोक सांगतोय की जबरदस्ती ही उत्क्रांतीतली चाल आहे, ज्याला बाई मिळत नाही त्यानं वंश पुढं न्यायला हा मार्ग धरला. वर बदकांकडं बोट दाखवून रूममेट म्हणतोय, बघ की, ह्यांच्यात बी तसंच. माझी बहीण सोबत होती, काही न बोलता अर्धी भेळ ठेवून गाडीपाशी जाऊन थांबली. मला उत्तर सुचलं नाही. विज्ञान खरंच असं म्हणतंय?

झूवाली_ताई:
हे थॉर्नहिल आणि पामर ह्या दोन संशोधकांच्या 2000 सालच्या पुस्तकातनं आलंय. थॉर्नहिल मूळचा किड्यांचा अभ्यासक. स्कॉर्पियनफ्लाय नावाच्या किड्यात नराच्या पाठीवर चिमटा असतो, मादीला द्यायला खाऊ नसला की तो त्यानं तिला धरून ठेवतो. माणसाला असला चिमटा कुठाय? आणि त्या दोघांचंच एकमत नाही, थॉर्नहिलचा कल ही खास घडलेली चाल आहे याकडं, पामर म्हणतो उपउत्पादन, म्हंजे गुळासाठी ऊस गाळला आणि चिपाड आपोआप निघालं तसं.
बदकांचं म्हणशील तर रूममेटनं निम्मंच सांगितलं. 2007 मध्ये संशोधक पॅट्रिशिया ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी मादी बदकाच्या योनीमार्गात उलटे पीळ आणि बंद कप्पे असल्याचं दाखवलं. जबरदस्ती होते खरी, पण त्यातनं पिल्लं फार कमी होतात. मादी काय गप बसलेली नाही!

काळा_कोट_416:
आमच्याकडं पोक्सोच्या, म्हंजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, फायली येतात, त्यात लहान पोरी, पोरगेसुद्धा. कुठला वंश वाढतोय त्यातनं? एनसीआरबीचे, म्हंजे गुन्ह्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, गेल्या काही वर्षांचे आकडे बघा, बलात्काराच्या 90 टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचा. बायकापोरं असलेले गडी असतात त्यात. आणि नवऱ्यानं बायकोवर केलेली जबरदस्ती तर कायदा बलात्कारात मोजतच नाही, जुन्या आयपीसीतलं बलात्काराचं 375 कलम जाऊन 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेचं 63 कलम आलं तरी नवऱ्याचा तो अपवाद तसाच, फक्त बायको 18 च्या खालची नको.

उगं_वाद:
म्हणून उत्क्रांतीचा काहीच संबंध नाही असं पण नका म्हणू राव. नैसर्गिक म्हंजे योग्य नव्हे हे थॉर्नहिल-पामरनीच लिहिलंय. उलट पोरांना ड्रायव्हिंग लायसन्स देण्याआधी यावर कोर्स घ्या अशी सूचना केलेली. आपल्या आरटीओत एजंटच कोर्स करून देईल ते सोडा.

रंकाळा_कट्टा:
बहिणीला धागा पाठवला. तिनं बदकांपर्यंत वाचला आणि म्हणाली, हे त्याला पाठव, मला कशाला.