चर्चा: एका विषयातले गणित दुसऱ्या विषयाला सांगायचे कुणी?

चक्रपाणि (कोपरी, ठाणे)

रबाळ्याच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टिकाऊपणाचे हिशेब बघतो. विकलेला पंप किती काळ चालेल, वॉरंटी किती द्यायची, सुटे भाग किती ठेवायचे, असे सगळे. यातली कायमची अडचण ही की हिशेब करायला बसतो त्या दिवशी बरेचसे पंप चालूच असतात. फक्त बिघडलेल्यांची सरासरी काढली तर पंप आहे त्याहून कमी टिकणारा दिसतो, कारण जे टिकले तेच हिशेबाबाहेर राहतात.

यावर उपाय जुना आहे. समजा १० पंप आहेत. सहाव्या महिन्यात एक बिघडला, म्हणजे १० पैकी ९ टिकले. पुढे दोन चालू पंपांची खबर येणे बंद झाले, कारण गिऱ्हाइकाने कारखाना हलवला. उरले ७. बाराव्या महिन्यात त्यातला एक गेला, म्हणजे ७ पैकी ६ टिकले. आता ९/१० ला ६/७ ने गुणायचे. उत्तर सुमारे ०.७७. पंप वर्ष काढण्याची शक्यता ७७ टक्के. ज्या दोघांची खबर थांबली त्यांना बिघडलेले धरले नाही आणि कायमचे टिकले असेही धरले नाही. जोवर दिसत होते तोवर मोजले.

ही कॅप्लन-मायर पद्धत, १९५८ च्या पेपरातली. एडवर्ड कॅप्लन अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधनसंस्थेत होते, त्यांच्यापुढे समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या निर्वात नळ्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. पॉल मायर यांच्यापुढे कर्करोगाच्या रुग्णांचा. दोघांनी आपापला लेख एकाच नियतकालिकाकडे धाडला आणि संपादकांनी त्यांना एकत्र लिहायला लावले. आज जगभरच्या औषधचाचण्यांत ही पद्धत वापरतात.

संपादकांनी तेव्हा जे केले ते आज कुणाचेच काम नाही, हे मला फार खटकते. १९९४ मध्ये 'डायबेटिस केअर' या नामांकित नियतकालिकात मेरी ताई या संशोधिकेचा पेपर आला. रक्तातल्या साखरेच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ काढायची नवी पद्धत म्हणून. आलेखाचे उभे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्टा समलंब चौकोन धरायचा, बेरीज करायची. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तोच समलंब नियम. बॅबिलोनच्या ज्योतिषांनी गुरू ग्रहासाठी असाच हिशेब केल्याच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्याला गणित येते त्यानेच ते शेजारच्या विषयापर्यंत, त्या विषयाच्या भाषेत पोचवले पाहिजे. पेपर छापून आला की आपले काम झाले असे मानणे बंद व्हायला हवे. तुम्हाला काय वाटते?

---

शेषराशी (ठाणे पश्चिम)

असहमत, आणि तुमच्याच उदाहरणावरून असहमत. समलंब नियम कुणी लपवून ठेवला होता? शेकडो पाठ्यपुस्तकांत आहे. सांगणाऱ्यांनी सांगून झाले होते. विचारणाऱ्याने विचारले नाही, आणि पेपर तपासणाऱ्यांनीही बाजूच्या इमारतीतल्या गणित विभागात चौकशी केली नाही. मग जबाबदारी कुणाची?

मी पदवीच्या मुलांना गणित शिकवतो. प्रमेय नीट सिद्ध करायला वर्षे जातात. त्याच माणसाने ते डॉक्टरांना, हवामानवाल्यांना, बँकवाल्यांना वेगवेगळे समजावत फिरावे, ही अपेक्षा ऐकायला छान आहे. करणार कोण आणि कुठल्या वेळात? ज्याला प्रश्न पडलाय त्याने दार ठोठवावे. आम्ही उघडतो.

---

माधुरी खारघर

मी कर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदींवर काम करते, चक्रपाणि म्हणतात तीच पद्धत रोज वापरते. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे उपचाराला लांबलांबून लोक येतात. काही महिन्यांनी तपासणीला येणे थांबते, दिलेला फोन लागत नाही. आता हा रुग्ण का आला नाही? एकाला बरे वाटू लागले, शेतीची कामे आली, म्हणून तो आला नाही. दुसऱ्याला घरच्यांनी 'आता काही उपयोग नाही' म्हणून गावी नेले. नोंदीत दोघांपुढे शेरा एकच: संपर्क नाही.

पद्धतीची अट अशी आहे की संपर्क तुटण्याचा आणि आजाराच्या पुढच्या वाटचालीचा संबंध नसावा. संबंध असेल तर आलेख चुकतो, आणि तो कुठल्या दिशेने चुकतो हे कोण जास्त गळाले त्यावर ठरते. सॉफ्टवेअर ही अट विचारत नाही. आकडे घाला, पायऱ्यापायऱ्यांचा सुबक आलेख काढून देते. मी असे आलेख सभांमध्ये पाहिले आहेत, खाली एक ओळही न लिहिता दाखवलेले.

त्यामुळे पद्धत पोचली नाही ही माझी तक्रार नाही. पद्धत पोचली, तिच्या अटी मागे राहिल्या, ही आहे. नुसते सूत्र पोचवणार असाल तर नका पोचवू, असे म्हणण्यापर्यंत मी आलेय.

---

चक्रपाणि (कोपरी, ठाणे)

माधुरीताई, हे आमच्याकडे हुबेहूब आहे. पंप आवाज करू लागला की हुशार गिऱ्हाईक तो बंद पडायची वाट बघत नाही, आधीच काढून दुसरा बसवतो. आमच्या कागदावर तो 'चालू स्थितीत काढला'. खरे तर तो मरणपंथाला लागलेला होता. म्हणजे अटसुद्धा दोन्हीकडे एकाच जागी मोडते. तुमच्या क्षेत्रात या गळतीवर गेली काही दशके जे काम झाले आहे ते आमच्या क्षेत्रातल्या किती जणांनी वाचलेय? हेच तर मी म्हणतोय.

---

बेलापूरकर काका

मी स्थापत्यवाला, आता निवृत्त. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून सिडकोने धारण तलाव केले. भरती आली की खाडीकडची झडप पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, पावसाचे पाणी तलावात साठते, ओहोटी लागली की झडप उघडून पाणी निघून जाते. प्रश्न असा की झडप मिटलेली असताना किती पाऊस पडेल आणि तलाव पुरेल का.

१९५४ मध्ये पी. ए. पी. मोरान यांनी धरणांच्या साठ्याचे संभाव्यतेचे गणित मांडले. ते आणि टेलिफोन एक्स्चेंजवरच्या रांगांचे गणित बरेचसे एकच आहे. येणारे अनिश्चित, जाण्याचा वेग मर्यादित, मधला साठा किती वाढेल? इस्पितळातल्या खाटांचेही तेच. आमच्या पिढीतल्या धरणवाल्यांपैकी फार थोड्यांनी रांगांचे गणित उघडले असेल. शेषराशी सर, दार ठोठवा म्हणता, पण कुठले दार ते आधी कळायला नको का? टेलिफोनवाल्यांकडे आपल्या तलावाचे उत्तर असेल हे माझ्या डोक्यात तरी कसे यावे?

---

शेषराशी (ठाणे पश्चिम)

काका, मुद्दा मान्य, पण त्याचाच धोका सांगतो. आपल्या मुंबईचेच उदाहरण.

साथीच्या गणितातला सर्वात गाजलेला पेपर १९२७ चा, केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा. मॅकेंड्रिक आधी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते. निरोगी, बाधित, बरे झालेले किंवा दगावलेले, असे लोकसंख्येचे भाग पाडायचे आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचा वेग लिहायचा. या पेपरात एक आलेख आहे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू, आणि त्यांवर बसवलेला सूत्राचा वक्र. इतका चपखल की पुढच्या पिढ्यांनी तो पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा छापला.

पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येतो. मुंबईत तो वर्षानुवर्षे ठरावीक हंगामात डोके वर काढायचा आणि उन्हाळा सरता सरता ओसरायचा. साथ ओसरली ती बाधा होण्याजोगे लोक संपले म्हणून, की पिसवांना हवामान मानवेनासे झाले म्हणून? वक्र बसला एवढ्यावरून हे ठरत नाही. पुढे संशोधकांनी ऋतुमान धरून हा हिशेब पुन्हा तपासला तेव्हा हाच आक्षेप पुढे आला.

आज तेच तीन कप्पे अफवा, संगणकातले व्हायरस, बाजारातल्या वस्तूंचा खप अशा सगळ्यांना लावतात. अफवा ऐकलेला माणूस 'बरा' होतो म्हणजे काय होते? विषयाच्या खोलात न जाता गणित उचलले की सुबक वक्र मिळतो आणि समज शून्य. म्हणून मला या देवाणघेवाणीचा जयघोष नको वाटतो.

---

ऋजुता (घणसोली)

सर, तोच पेपर मूळातून वाचा. मी पीएचडीसाठी वाचलाय. त्या आलेखाजवळच लेखकांनी स्पष्ट लिहिले आहे की माणसातला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आम्ही धरतोय. सगळे उंदीर सारखेच बाधा होण्याजोगे, सगळ्यांना बाधेची संधी सारखी, पिसवा भरपूर, अशी गृहीतके एकेक करून दिली आहेत. आणि यातले एकही काटेकोरपणे खरे नाही, म्हणून समीकरण फार ढोबळ समजावे, असेही सांगितलेय. लेखकांनी सांगण्यात कसर ठेवली नव्हती. ज्यांनी वक्र उचलला त्यांनी हा परिच्छेद सोडला. तुमचा राग नकलेवर असायला हवा, देवाणघेवाणीवर नाही.

आता माझे उदाहरण. दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचे इतिहासलेखन सगळ्यांना माहीत, गणित थोड्यांना. १९४३ मध्ये, पुण्यात फर्ग्युसनला शिकवत असताना, त्यांनी 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त एक निबंध छापला. गुंतागुंतीच्या, सतत बदलणाऱ्या राशीचे मोजक्या मूळ आकारांत पृथक्करण कसे करायचे, याबद्दल. पुढच्या काही वर्षांत कारहुनेन आणि लोएव्ह यांनी हेच स्वतंत्रपणे मांडले आणि पद्धतीला त्यांची नावे लागली. १९५६ मध्ये एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानासाठी ती वेगळ्या नावाने आणली, १९६७ मध्ये लमली यांनी खळाळत्या प्रवाहांसाठी आणखी वेगळ्या नावाने. कोसंबींचे नाव बरीच वर्षे बाजूलाच राहिले.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, त्याच कोसंबींनी आनुवंशिकतेवर एक छोटा निबंध लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुकांमधले अंतर संकरातल्या अदलाबदलीवरून काढायचे, आणि एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होणे कठीण जाते हे हिशेबात धरायचे. जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या आधीच्या सूत्रात हे नव्हते. हा निबंध त्यांनी 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये दिला. नाव आज नकोसे वाटते (युजेनिक्स म्हणजे निवडक माणसांचीच प्रजा वाढवण्याचा विचार), पण आनुवंशिकतेचे लोक तेव्हा तेच वाचायचे. आज भाताच्या नाहीतर गव्हाच्या जनुकांचा नकाशा काढायला बसा, सॉफ्टवेअर विचारते: हॉल्डेन की कोसंबी?

माणूस तोच, बुद्धी तीच, मध्ये एक वर्ष. एक निबंध गणितवाल्यांच्या कपाटात गेला, दुसरा ज्यांना गरज होती त्यांच्या टेबलावर. युद्धाचा काळ होता, पुण्याहून परदेशी अंक पोचायची मारामार होती, हे सगळे धरूनही मला हा फरक विसरता येत नाही.

---

नीलकंठ ऐरोली

ऋजुताशी सहमत. फक्त एक भर. पेपर कुठे छापला याहून कोण कुणाला भेटले हे मोठे. जलद फूरिये रूपांतराचे घ्या, म्हणजे गुंतागुंतीच्या लहरीचे साध्या लहरींत झटपट पृथक्करण करायची युक्ती. अणुचाचण्या ओळखण्याचा विषय चर्चेत असताना संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांची ही कल्पना रिचर्ड गार्विन या भौतिकशास्त्रज्ञाने हेरली. भूकंपमापकांच्या नोंदींपासून हेलियमच्या अभ्यासापर्यंत तिचा उपयोग त्यांना दिसला. त्यांनीच आयबीएममधल्या जेम्स कूली यांच्यामागे लागून प्रोग्रॅम लिहवून घेतला. १९६५ मध्ये पेपर आला. गाऊसने हीच युक्ती १८०५ च्या सुमारास लघुग्रहांसाठी वापरली होती, ती कागदांत पडून राहिली. गार्विनसारखी मधली माणसे हवीत, जी सूत्र काढत नाहीत पण ते कुठे लागेल हे ओळखतात. आपल्याकडे अशा माणसाला कुठल्या पदावर नेमणार?

---

माधुरी खारघर

आणि तो मधला माणूस विषय जाणणारा हवा. ऋजुताने सांगितलेला परिच्छेद, गृहीतकांचा, तोच आधी वाचणारा. चक्रपाणि, कंपनीचे आकडे बाहेर देता येत नाहीत हे मला कळते, आमचेही देता येत नाहीत. पण आकड्यांशिवायही बोलता येते. पंप काढल्याची कारणे तुम्ही कशी नोंदवता तो कोरा फॉर्म दाखवा, आमचा मी दाखवते. त्यात गुपित काही नाही.

---

चक्रपाणि (कोपरी, ठाणे)

नक्की. वाशीला भेटू, मला ट्रान्स-हार्बर लोकलने आणि तुम्हाला हार्बरने सोयीचे. काका, तुम्हीही या. झडप मिटलेल्या वेळेच्या नोंदी कशा ठेवायचे ते ऐकायचेय.

---

शेषराशी (ठाणे पश्चिम)

ऋजुता, कोसंबींचे दोन निबंध शेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते. उदाहरण जोरकस आहे आणि त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. मूळ पेपर पुन्हा काढून बघतो.

तरी माझी हरकत एका जागी कायम आहे. आमच्या क्षेत्रात नेमणूक आणि बढती गणिताच्या नियतकालिकांतल्या पेपरांवर ठरते. एखाद्या तरुण प्राध्यापकाने वर्षभर खपून डॉक्टरांसाठी गृहीतकांसकट, सोप्या भाषेत लेख लिहिला, तर गणितवाले म्हणतात यात नवे गणित काय, आणि वैद्यकवाले म्हणतात यात नवा रोग कुठे. दोन्हीकडे शून्य गुण. हे बदलण्याआधी त्याच्यावर जबाबदारी टाकणे मला अन्यायाचे वाटते. वाशीला मी येईन, पण माझ्या विद्यार्थ्याला 'हे कर' असा सल्ला आज देणार नाही.