मदत हवी आहे: टूरिंग आणि पिस्ट दोन्हींसाठी एकच स्की-बूट. नख काळं झालंय, आणखी मोठा घेऊ का?

बर्फाळलेली:

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. म्युनिकला राहून सहा वर्षं झाली, स्कीइंगचा हा पाचवा मोसम. वर्षाला साधारण दहा दिवस टिरोलमध्ये लिफ्टवर आणि सात-आठ दिवस टूर, म्हणजे स्कीच्या तळाला स्किन (मागे न घसरू देणारी पट्टी) चिकटवून आपल्या पायांनी चढायचं आणि मग उतरायचं. टूरसाठी माझ्या स्वतःच्या स्की आहेत, पिन बाइंडिंगवाल्या (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग, पिनवाल्यात चढताना टाच मोकळी राहते). पिस्टवर, म्हणजे लिफ्टजवळच्या तयार केलेल्या उतारांवर, मात्र स्की भाड्याने घेते. दोन्हीकडे चालेल असा एकच बूट हवा म्हणून मागच्या मोसमात एक जोडी सेकंडहँड घेतली. मापाची चौकशी केली तर विकणारी म्हणाली, "तुझा रोजचा बूट ४० नंबरचा ना, शिवाय पाऊल रुंद, मग २६.५ घे. जाड मोजे घातलेस की बरोबर बसेल." घरी घालून पाहिला, अगदी मऊसूत. चप्पल घातल्यासारखं वाटलं. खूश!

आता पुढचं ऐका. परवा श्पिट्झिंगजे तळ्यावरून रोटवांड डोंगरावर गेलो. तळं १,०८४ मीटरवर आणि माथा १,८८४, म्हणजे चढ बरोबर आठशे मीटर, फार काही नाही. पण पाऊण तासातच उजवी टाच चुरचुरायला लागली. वर पोचून मोजा काढला तर दहा रुपयांच्या नाण्याएवढा फोड, तोही फुटलेला. उतरताना बकलं शेवटच्या दातापर्यंत आवळली. टाच तरीही उचलत होतीच, वर पावलाचा उंचवटा बधिर झाला तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी हट्टाने पिस्टवर गेले. सकाळची कडक, बर्फाळ पिस्ट. संध्याकाळी डाव्या अंगठ्याचं नख जांभळं झालं होतं, आज काळंभोर आहे.

नख काळं झालं म्हणजे बूट पुढून लहान पडतोय, असं मला वाटतंय. मग २७.५ बघू का? मैत्रीण म्हणते दोन वेगळे बूट घे, नवरा म्हणतो छंद बदल. माझं वजन ५८ किलो, उंची १६४ सेंमी, चवडा रुंद, पोटऱ्या भरलेल्या. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डोंगरकपारी:

ताई, थांबा! आणखी मोठा बूट मुळीच घेऊ नका. तुमचा बूट लहान नाही, मोठा आहे. नख काळं होण्याची दोन कारणं असतात. बूट खरोखरच आखूड असेल तर होतंच. पण जास्त वेळा काय होतं, की बूट मोठा असतो, टाच मागच्या खोबणीत धरली जात नाही, आणि प्रत्येक वळणाला अख्खं पाऊल पुढे घसरून अंगठा शेलवर, म्हणजे बुटाच्या बाहेरच्या कडक कवचावर, आपटतो. दिवसाकाठी शेकडो वेळा. तुम्ही बकलं आवळली ती पाऊल पकडण्यासाठी, पण आत पोकळी असल्यामुळे सगळा दाब उंचवट्यावर आला. चढताना फोड आणि उतरताना नख, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

आता घरच्या घरी एवढं करा. आधी पावलाचं माप घ्या. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभ्या राहा, सगळं वजन त्याच पायावर, आणि सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटीमीटर मोजा. दोन्ही पायांचं मोजा, कारण क्वचितच सारखं असतं. स्की-बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी, बस्स. २६.५ म्हणजे साडेसव्वीस सेंटीमीटरचं पाऊल. रोजच्या बुटाच्या ४०-४१शी त्याचा संबंध लावायला जाऊच नका. आपल्यापैकी बरेच जण रुंदी मिळावी म्हणून रोजचा बूट एक नंबर मोठा घेतात, आणि तोच नंबर मग इथे नडतो.

त्यानंतर बुटाचं आतलं मऊ लायनर ओढून काढा आणि नुसत्या प्लास्टिकच्या शेलमध्ये पाय घाला. बोटं पुढे जेमतेम टेकवा, गुडघा किंचित वाका आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. दीड ते दोन सेंटीमीटर म्हणजे ठीक. दीडच्या आत असेल तर रेसिंगवाल्यांचा घट्टपणा. अडीचच्या वर असेल तर तो बूट तुमचा नाही.

जुनीखोड:

+१. मी दरवर्षी फेब्रुवारीत पुण्याहून गुलमर्गला जातो. गोंडोल्याच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर, अफरवाटला, जवळपास ४,००० मीटर उंचीवर उतरल्यावर पुढे कड्यापर्यंत थोडं चालायचं असतं. पहिली तीन वर्षं भाड्याच्या बुटात पाय घालून तिथे रडलो आहे. एक टीप: दोन मोजे घालू नका आणि जाडही नको. एकच पातळ मेरिनो लोकरीचा मोजा. जाड मोजा बुटात दबतो, त्याची घडी पडते, रक्त खेळत नाही, आणि बोटं उलट जास्त गारठतात. आईने दिलेले लोकरीचे मोजे संध्याकाळी शेकोटीसमोर घाला, आई खूश, बोटंही खूश.

बर्फाळलेली:

धन्यवाद! आत्ताच मोजलं. डावा २४.६, उजवा २४.३. म्हणजे मी जवळजवळ दोन नंबर मोठा बूट घालून फिरतेय! शेलमध्ये पाय घातला आणि मागची जागा मोजायला घरात दुसरं काही सापडेना म्हणून लाटण्याचं टोक घातलं. ते नुसतं गेलं नाही, आत गरगर फिरलं. मागाहून पट्टीने मोजलं तर साडेतीन सेंटीमीटर! नवरा म्हणाला, त्या जागेत एक पोळीसुद्धा ठेवता येईल.

पण २४.५ घातला तर माझा रुंद चवडा कुठे जाईल? दुकानात एकदा नुसताच घालून पाहिला होता, बोटं पुढे टेकत होती. घाबरून काढला.

डोंगरकपारी:

टेकायलाच हवीत. सरळ ताठ उभं राहिलं की बोटं पुढे लागतात. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की टाच मागे सरकते आणि बोटं सुटतात. दुकानात नुसतं उभं राहून ठरवू नका. बकलं लावा, स्कीवर असल्यासारख्या वाका आणि वीस मिनिटं तशाच बसा-उठा. दुपारनंतर जा, दिवसभरात पाय किंचित फुगतो. आणि लायनर पहिल्या आठ-दहा दिवसांत दबतं, सैल होतं. दुकानात चप्पल वाटणारा बूट महिन्याभरात पिशवी होतो. तुमचं तेच झालं, फक्त दुकानाऐवजी घरी.

रुंदीबद्दल: लांबी पावलाप्रमाणेच घ्यायची, रुंदी नंतर वाढवता येते. चवड्याच्या जागी प्लास्टिक तापवून बाहेर दाबतात, त्याला सगळे 'पंच' म्हणतात. लांबीच्या बाबतीत असं करायला फार थोडा वाव असतो. साच्याची, म्हणजे बुटाच्या आत चवड्यापाशी असलेली, रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. बारीक पायाला ९८, मध्यमाला १००, त्याहून मोठे १०२पर्यंत. उदाहरणार्थ अॅटॉमिक हॉक्स अल्ट्रा एक्सटीडीचा साचा ९८ आणि हॉक्स प्राइम एक्सटीडीचा १००. टेक्निका झिरो जी टूर प्रोचा ९९. तुम्ही १००च्या आसपास बघा. स्कार्पाची जेआ (Gea), म्हणजे त्यांच्याच माएस्त्राले बुटाची स्त्रियांसाठीची आवृत्ती, तीही घालून बघा.

पोटऱ्या भरलेल्या म्हणालात, तर स्त्रियांसाठीच्या साच्याचे बूट जरूर पाहा. त्यांची मान जरा बुटकी असते, म्हणजे पोटरी जिथे जाड होते तिथे कड रुतत नाही.

ओलेचिंबमोजे:

एकच बूट की दोन, या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही, म्हणून मी लिहिते. मी दोन जोड्या बाळगल्या आहेत, एकही बाळगली आहे. वर्षाला वीसेक दिवस जाणाऱ्याला एक पुरते. तुमचे आकडे दहा आणि आठ, म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे, तेव्हा मधल्या जातीचा बूट घ्या. नुसत्या टूरिंगचा हलका बूट एक ते सव्वा किलोचा असतो, पिस्टचा दोन किलो किंवा जास्त, मधला दीड-पावणेदोनच्या आसपास. हे पुरुषांच्या मापाचं सांगतेय, आपले थोडे हलके. चढताना हे वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. आठशे मीटरला चालून जातं, पंधराशेला जीव खातं.

फ्लेक्सचा, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे त्याचा, आकडा बघून भुलू नका. एका कंपनीचा ११० हा दुसरीच्या १००सारखा लागतो, त्याला सर्वमान्य माप असं नाही. शिवाय दुकानात उबेला प्लास्टिक मऊ असतं, उणे दहाला तेच कडक होतं. तुमच्या वजनाला ९५ ते ११५च्या दरम्यान पुरे.

आणि तळव्याकडे लक्ष द्या! हे फार लोक विसरतात. पिन बाइंडिंगसाठी बुटाच्या नाकाला दोन्ही बाजूंना धातूच्या खोबण्या हव्यात, टाचेलाही. पिस्टवर भाड्याच्या स्कीच्या बाइंडिंगला मात्र तळव्याचा आकार जुळावा लागतो. ग्रिपवॉक तळवा (चालायला सोपा, किंचित वळणाचा रबरी तळवा), शिवाय पिनच्या खोबण्या, असा बूट घेतलात तर दोन्हीकडे जमतं, अट एवढीच की भाड्याची बाइंडिंग ग्रिपवॉक चालणारी हवी. अस्सल टूरिंगचा वळणदार रबरी तळवा साध्या बाइंडिंगमध्ये बसला तरी पडल्यावर नीट सुटेलच असं नाही, आणि सुटली नाही तर गुडघ्याचं काय होतं ते मला माहीत आहे. भाड्याच्या दुकानात काउंटरवर बूट उलटा करून तळवा दाखवा, नुसतं नाव सांगू नका.

जुनीखोड:

अजून एक, बूटफिटरकडे, म्हणजे पायाला बूट बसवून देणाऱ्या कारागिराकडे, जाल तेव्हा तो घोटा किती वाकतो ते बघतो. घोटा ताठ असेल तर बुटात टाच वर उचलते आणि टाचेखाली पाचर घालावी लागते. माझ्या फिटरने खाली बसायला सांगितलं, मी मस्त उकिडवा बसलो, टाचा जमिनीला टेकवून. तो बघतच राहिला. गावच्या शौचालयाचा पाया कामी आला म्हणायचा!

बर्फाळलेली:

@जुनीखोड 😂 मीही बसते उकिडवी, बटाटे सोलताना.

मंडळी, अपडेट. शनिवारी एका बूटफिटरकडे गेले, चक्क अडीच तास. त्यानेही पहिल्यांदा लायनरच काढलं. चार जोड्या घातल्या. त्यातली एक फार हलकी, खूप आवडली होती, पण आतल्या घोट्याच्या खाली पुढे जे हाड आहे तिथे दहा मिनिटांत ठणकायला लागलं. शेवटी १०० मिलिमीटर साच्याची मधल्या जातीची २४.५ घेतली, ग्रिपवॉक तळवा आणि पिनच्या खोबण्या. उजव्या करंगळीच्या मुळाशी पंच केला. लायनर भट्टीत तापवलं, बोटांवर कापडी टोपी चढवली आणि गरम लायनरसकट बुटात दहा मिनिटं उभं केलं. घाम फुटला. आत पायाखाली माझ्या पावलाच्या आकाराचा तळपट्टाही करून घेतला. सगळं मिळून सातशे युरोच्या वर गेलं, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा कृपया इथे कोणी ओळखीचं असेल तर गप्प बसा.

काल संध्याकाळी टीव्हीसमोर दोन तास घालून बसले. घट्ट आहे, पण दुखत नाही. टाच उचलायचा प्रयत्न केला, हलली नाही. चालण्याच्या मोडमध्ये जिने चढले-उतरले, शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं.

एक शंका राहिली. जुन्या बुटाच्या बाजूला तळव्याची लांबी ३०६ लिहिली आहे, नव्याच्या २८६. माझ्या टूरिंग स्कीवर नवा बूट तसाच चढवू का?

डोंगरकपारी:

नाही! पिन बाइंडिंगची टाच त्या लांबीप्रमाणे बसवलेली असते. वीस मिलिमीटर पुढे आणावी लागेल. रुळावर तेवढी सरकवायला जागा असेल तर पाच मिनिटांचं काम, नसेल तर नवी भोकं पाडावी लागतील. बूट घेऊनच स्की दुकानात न्या आणि सुटण्याचा आकडाही (पडल्यावर बाइंडिंग किती जोराला बूट सोडेल तो) परत लावून घ्या, आधीचा जुन्या लांबीवर होता.

आणि पहिल्या टूरला: माथ्यावर बूट अडकवायच्या आधी नाकाच्या दोन्ही खोबण्यांतला बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढा. अडकवल्यावर टाच दोन-तीनदा वरखाली हलवा, पिना नीट बसल्या की कळतं. चढताना वरची बकलं आणि वरचा पट्टा मोकळा ठेवा. फोड चढतानाच येतात.

बर्फाळलेली:

स्की दुकानात दिल्या. रुळावर जागा आहे म्हणाला, शुक्रवारी मिळतील. नख अजून काळं आहे, पडणार बहुतेक. शनिवारी हवामान आणि हिमस्खलनाचा अंदाज ठीक असेल तर सकाळच्या गाडीने परत रोटवांड. टाचेचा फोड भरलाय, तरी पट्ट्या सोबत घेतेय.

ते २६.५ कुणाला हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधी पाय मोजा मात्र.